कान टवकारून खेळा!

गेमिंगसाठी हेडफोन घ्यायचाय? मग बॉक्सवरचे मोठमोठे आकडे जरा बाजूला ठेवा. आपल्याला कान दोनच आहेत आणि तेवढे पुरेसे आहेत. विश्वास बसत नसेल तर हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ काय उभं राहतंय ते वाचा...

शनिवारची रात्र. एक जण हिंजवडीच्या फ्लॅटवर, दुसरा ठाण्यात पीजीवर आणि उरलेले दोघं थेट हिंगोलीत. स्क्वाड फुल्ल! गाव सुटलं तरी गँग सुटत नाही, हे आपल्या पिढीचं वैशिष्ट्य. आधी कट्ट्यावर भेटायचो, आता लॉबीत भेटतो, एवढाच काय तो फरक. आणि मग ऐन मोक्याच्या क्षणी चौघांतला एक जण आउट होतो आणि ठरलेला डायलॉग येतो, ‘‘अरे, मागून आला ना तो! पावलं ऐकू नाही आली का तुला?’’

नाही आली ना राव! गेम बघायचा असतो हे सगळ्यांना पहिल्या दिवशी कळतं, तो ऐकायचाही असतो हे मात्र बऱ्याच उशिरा कळतं. शूटिंग गेममध्ये स्क्रीनवर दिसतं ते फक्त समोरचं, साधारण ९० अंशांतलं. उरलेल्या २७० अंशांत कोण दबकत येतंय, कोण जिना चढतंय, कोण बंदूक रिलोड करतंय, हे सांगणार कोण? कानच. फोनच्या टीचभर स्पीकरवर खेळणाऱ्याला हे ऐकू येण्याची शक्यता शून्य.

मग एक दिवस गावाकडून फोन येतो, ‘‘दादा, गेमिंगचा हेडफोन घ्यायलोय. कोणता घेऊ?’’ शहरात नोकरीला लागलेला दादा म्हणजे घराण्याचा अधिकृत टेक्नॉलॉजी सल्लागार. सल्ला तर सल्ला, पुष्कळदा पैसेही दादाचेच! पहिल्या पगारातून, दिवाळीच्या बोनसमधून दोन-चार हजार रुपये जाणार असतील, तर ते नीट जावेत म्हणून हा लेख. दादासाठी आणि त्या धाकट्यासाठीही.

सेव्हन पॉइंट वनचं गौडबंगाल

दुकानात गेलात की गेमिंग हेडफोनचा बॉक्स दुरूनच ओळखू येतो. काळा-लाल रंग, वर रागावलेला लांडगा किंवा तत्सम प्राणी आणि चारी बाजूंनी आकडे. ५० एमएमचे ड्रायव्हर! एक्स्ट्रा बास! आरजीबी लाइट! (हे लाइट आपल्या कानांवर असतात. म्हणजे खेळताना ते आपण सोडून घरातल्या सगळ्यांना दिसतात.) आणि सगळ्यात मोठ्या अक्षरांत ‘७.१ सराउंड साउंड’.

हे ७.१ प्रकरण मुळात होम थिएटरचं. खोलीत आपल्या भोवती सात स्पीकर आणि एक सबवूफर. हेडफोनमध्ये असले सात स्पीकर कुठून येणार? काही कंपन्यांनी एकेका कपात चार-चार, पाच-पाच बारके ड्रायव्हर कोंबून पाहिले, पण डोकं जड होण्यापलीकडे त्यातून फार काही निघालं नाही. आज बॉक्सवर ७.१ लिहिलेल्या बहुतेक हेडफोनमध्ये डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोनच ड्रायव्हर असतात आणि बाकीची सगळी जादू सॉफ्टवेअरची असते. म्हणजे आपण जास्तीचे पैसे मोजतो ते एका सॉफ्टवेअरसाठी. आणि हे सॉफ्टवेअर विंडोजमध्ये फुकट मिळतं!

ड्रायव्हरच्या आकाराचंही तसंच. ५० एमएम म्हणजे ४० एमएमपेक्षा भारी, असं काही नसतं. कानात घालायच्या चांगल्या इअरफोनमधला ड्रायव्हर जेमतेम १० एमएमचा असतो आणि तो पावलांचा आवाज झक्कास ऐकवतो. ड्रायव्हर कसा बनवलाय आणि तो कानाशी कसा बसतो, यावर सगळा खेळ. बॉक्सवर मात्र यातलं काहीच छापता येत नाही, म्हणून मग आकडा छापतात.

औंढ्याचा कान

आता तुम्ही म्हणाल, दोनच ड्रायव्हर असतील तर मग आवाज मागून आला, वरून आला हे कळतं कसं? या प्रश्नाचं उत्तर शोधायला हिंगोली जिल्ह्याइतकी मस्त जागा दुसरी नाही.

हिंगोली म्हटलं की आपल्याला आठवते हळद, औंढ्याचं नागनाथाचं मंदिर, संत नामदेवांचं नर्सी आणि दसऱ्याचं प्रदर्शन. पण याच औंढ्याजवळ दुधाळा गावाच्या शिवारात ‘लायगो इंडिया’ ही गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा उभी राहते आहे. केंद्र सरकारने २०१६ मध्ये तत्त्वतः आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह या प्रकल्पाला मंजुरी दिली. पुण्याची ‘आयुका’ही त्यात आहे. काटकोनातल्या दोन भुजा, प्रत्येक भुजा चार किलोमीटर लांब. हा खरं तर दुर्बीण कमी आणि कान जास्त! आकाशाकडे बघायचं नाही, ऐकायचं.

अमेरिकेत असे दोन कान आधीपासून आहेत, एक हॅनफर्डला आणि दुसरा लिव्हिंगस्टनला. दोघांत अंतर सुमारे ३,००० किलोमीटर. १४ सप्टेंबर २०१५ ला साधारण १३० कोटी प्रकाशवर्षांवर धडकलेल्या दोन कृष्णविवरांची लहर पहिल्यांदा टिपली गेली. ती आधी लिव्हिंगस्टनला पोहोचली आणि सुमारे ७ मिलिसेकंदांनी हॅनफर्डला. या एवढ्याशा उशिरावरून लहर आकाशाच्या कोणत्या बाजूने आली, याचा अंदाज बांधला गेला. गंमत म्हणजे त्या लहरीची कंपनं ३५ ते २५० हर्ट्झच्या दरम्यानची, म्हणजे आपल्या कानांना ऐकू येणाऱ्या पट्ट्यातली होती. शास्त्रज्ञांनी तिचा आवाज करून ऐकवला तेव्हा ‘चुंईक्’ असा बारीक चिवचिवाट ऐकू आला.

आपलं डोकं अगदी हेच करतं. उजवीकडे फांदी मोडली तर तो आवाज आधी उजव्या कानात पोहोचतो आणि डोक्याला वळसा घालून थोड्या उशिराने डाव्यात. हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंदांचा. मेंदूची हुशारी अशी की सेकंदाच्या एक लाखाव्या भागाइतका फरकही त्याला कळतो. शिवाय डोक्याची सावली पडते, त्यामुळे पलीकडच्या कानात आवाज थोडा दबका येतो. ढोबळमानाने, जाड आवाजांची दिशा उशिरावरून आणि बारीक आवाजांची दिशा या दबकेपणावरून कळते. लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञाने हे १९०७ मध्येच मांडलं होतं. तेव्हा व्हिडिओ गेम तर सोडाच, रेडिओवर गाणीही लागत नव्हती!

पण दोन कानांची एक अडचण आहे. समोर उजवीकडचा आवाज आणि मागे उजवीकडचा आवाज दोन्ही कानांत सारख्याच फरकाने पोहोचू शकतात. मग समोर की मागे? दोन वेधशाळांचंही नेमकं हेच झालं. २०१५ च्या त्या लहरीची नेमकी जागा सांगता आली नाही, आकाशाच्या भल्यामोठ्या पट्ट्यावर बोट ठेवावं लागलं. १७ ऑगस्ट २०१७ ला दुसरी एक लहर आली तेव्हा इटलीतली ‘व्हर्गो’ ही वेधशाळाही सोबतीला होती. कान तीन झाले, शोधायची जागा एकदम लहान झाली आणि काही तासांतच दुर्बिणींनी ती आकाशगंगा गाठली. औंढ्याच्या वेधशाळेचं मोल यातच आहे. जगाच्या या बाजूला बसलेला आणखी एक कान दिशा आणखी पक्की करणार.

आपल्याला तिसरा कान फुटणार नाही. पण आपल्या कानाला पाळी आहे, घड्या आहेत, खळगे आहेत. समोरून, मागून किंवा वरून येणारा आवाज या घड्यांवर वेगवेगळा आपटतो, त्याचा पोत किंचित बदलतो आणि मेंदू त्यावरून ओळखतो की हा मागून आला. तरी शंका राहिली तर आपण मान वळवतो. गेममध्येही हेच करा. पावलं समोर की मागे कळत नसेल, तर कॅमेरा थोडासा फिरवा आणि पुन्हा ऐका. जुने खिलाडी हे नकळत करत असतात.

खात्री करायची असेल तर नव्वदच्या दशकातलं ‘व्हर्च्युअल बार्बर शॉप’ हे रेकॉर्डिंग ऐका. डोळे मिटायचे आणि साधा पाचशे रुपयांचा वायरवाला इअरफोन लावायचा. न्हावी तुमच्या डोक्याभोवती फिरतो, कात्री उजव्या कानाच्या मागे चालते आणि अंगावर काटा येतो. सात स्पीकर नाहीत, काही नाही. दोन कान आणि दोन ड्रायव्हर, बस्स!

एकावर एक दोन पांघरुणं नकोत

या सगळ्या कान-डोकं-पाळीच्या हिशोबाला गेमच्या सेटिंगमध्ये ‘एचआरटीएफ’ म्हणतात. नाव बोजड, काम सोपं. गेमला ठाऊक असतं की शत्रू कुठे उभा आहे, त्यामुळे डाव्या-उजव्या कानात किती उशीर आणि किती दबकेपणा द्यायचा ते गेम स्वतःच ठरवू शकतो. ‘काउंटर स्ट्राइक’मध्ये ही सोय २०१६ पासून आहे, ‘व्हॅलोरंट’मध्येही आहे. ‘प्लेस्टेशन ५’मध्ये तर ती मशीनमध्येच आहे आणि कुठलाही साधा हेडफोन तिला चालतो.

यावरून एक साधा नियम निघतो. गेममध्ये ही सोय असेल तर ती चालू करा आणि हेडफोनचं ७.१, विंडोजचं स्पेशियल साउंड, फोनमधलं डॉल्बी वगैरे सगळं बंद. दोन्ही चालू ठेवलीत तर आधीच हिशोब करून दिलेल्या आवाजावर दुसरं सॉफ्टवेअर पुन्हा हिशोब करतं आणि मग पावलं विहिरीतून आल्यासारखी वाटतात. कित्येक जण नेमके हेच करतात आणि ‘हेडफोन भंगार निघाला’ म्हणून मोकळे होतात. गेममध्ये अशी सोय नसेल, तर मात्र विंडोजचं फुकटवालं वापरून बघा. सिनेमासारख्या एकट्याने खेळायच्या गेममध्ये ते चांगलं रंगतं. २०१७ चा ‘हेलब्लेड’ तर दोन कानांसाठी खास रेकॉर्ड केलेला, रात्री लाइट बंद करून खेळायचा गेम. ज्याच्या त्याच्या कानाची घडण वेगळी असल्यामुळे एकाला भन्नाट वाटणारं सेटिंग दुसऱ्याला बोगस वाटू शकतं. त्यात भांडण्यासारखं काही नाही.

या निमित्ताने आठवण झाली ती ‘ऑरिअल’ या अमेरिकन कंपनीची. पीसी गेममध्ये हेडफोनवर खरी दिशा ऐकवण्याचं तंत्र तिने नव्वदच्या दशकाच्या अखेरीसच आणलं होतं. पण ‘क्रिएटिव्ह’शी कोर्टकचेऱ्या झाल्या आणि २००० च्या सुमारास कंपनी बुडाली. मग बरीच वर्षं जास्त स्पीकर म्हणजे जास्त भारी हाच मंत्र चालला. सायबर कॅफेत तासाच्या भाड्याने ‘काउंटर स्ट्राइक १.६’ खेळलेल्यांना तर तिथले हेडफोन आठवतच असतील. एका बाजूचा आवाज गेलेला आणि उरलेली बाजू उलटी घातलेली!

हो, एल आणि आर बघूनच घाला. हसू नका, आजही होतं.

पिंगला शिव्या, ब्लूटूथला माफी

‘नेट स्लो आहे रे, पिंग साठच्या वर गेलाय!’ ही आपली नेहमीची ओरड. साठ म्हणजे ६० मिलिसेकंद. आणि हे ओरडणाऱ्याच्या कानात काय असतं? ब्लूटूथचे इअरबड. साध्या ब्लूटूथवर आवाज कानापर्यंत पोहोचायला सहज १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. गेम सेकंदाला ६० फ्रेम दाखवत असेल तर २०० मिलिसेकंद म्हणजे १२ फ्रेम. तुम्हाला पाऊल ऐकू येईपर्यंत तो दारात उभा असतो!

मग याच इअरबडवर सिनेमा बघताना ओठ आणि आवाज कसे जुळतात? कारण प्लेअरला पुढचं चित्र आधीच माहीत असतं, तो चित्रही तेवढंच उशिरा दाखवतो. गेममध्ये पुढच्या क्षणी काय होणार हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे असली जुळवाजुळव होऊच शकत नाही. इअरबडमधला ‘गेमिंग मोड’ हा उशीर बराच कमी करतो, टाइमपासपुरतं ठीक आहे. पण वायरशी बरोबरी नाही. वायर नकोच असेल, तर २.४ गिगाहर्ट्झचा छोटा डोंगल मिळणारा हेडसेट घ्या. त्यात उशीर इतका कमी असतो की जाणवत नाही. किंमत मात्र जाणवते.

ब्लूटूथचा दुसरा घोळ माइकचा. स्क्वाडशी बोलायला माइक चालू केलात की बहुतेक इअरबड फोनकॉलच्या मोडमध्ये जातात. स्टिरिओ गायब, आवाज टेलिफोनसारखा. म्हणजे डावं-उजवं सगळं गेलं! ज्यासाठी एवढी तयारी केली तेच गेलं. ब्लूटूथच्या नव्या एलई ऑडिओ तंत्रात यावर उपाय आहे, पण त्यासाठी फोन आणि इअरबड दोन्ही त्या तंत्राचे हवेत. दोन्ही जुळेपर्यंत आपली वायर बरी.

आणि लाइट गेल्यावर काय? वायरच्या हेडफोनला चार्जिंग लागत नाही. मराठवाड्यात ही गोष्ट बॉक्सवर मोठ्या अक्षरांत छापायला हवी.

कूलर, घाम आणि आईची हाक

परीक्षण करणारे लोक एसी खोलीत बसून हेडफोन वापरतात. आपला धाकटा मे महिन्यात हिंगोलीत बसलेला असतो. बाहेर पारा चाळिशीच्या पार, घरात वाळ्याचा कूलर घरघरतोय आणि कानांवर चामड्यासारख्या रेक्झिनच्या जाड गाद्यांचा हेडसेट. पंधरा मिनिटांत घामाच्या धारा, आणि दोन उन्हाळ्यांत रेक्झिनचे पापुद्रे कानाला चिकटायला लागतात.

तज्ज्ञ मंडळी यावर म्हणतात, ओपन बॅक घ्या. म्हणजे ज्याच्या कपांना मागून जाळी असते असा. मखमली गाद्या, हवा खेळती, आवाज मोकळा-ढाकळा, दिशा सुरेख कळते. सेनहायझरचा ‘एचडी ५६०एस’ हे त्यातलं गाजलेलं नाव. ऐकलात तर प्रेमात पडाल, यात वाद नाही. पण जाळीतून आवाज बाहेर जातो, तसाच कूलरचा आतही येतो. कूलरवर मात करायला तुम्ही व्हॉल्यूम वाढवणार, शिवाय शेजारी झोपलेल्या आजीला तुमच्या गोळ्या ऐकू येणार. शांत खोली आणि एकट्याचा फ्लॅट असेल तर ओपन बॅक, नाहीतर नको. ‘बायरडायनॅमिक डीटी ९९० प्रो’च्या २५० ओहमच्या मॉडेलचंही कौतुक ऐकाल, पण ते फोनला जोडलंत तर आवाज पुरेसा चढणारच नाही. वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. फोन-लॅपटॉपसाठी ३२ ओहमच्या आसपासचं काहीही बिनधास्त घ्या.

माझं मत विचाराल, तर आपल्या हवेत, आपल्या घरांत आणि आपल्या बजेटमध्ये वायरचा इन-इअर मॉनिटर हाच राजा. आयईएम म्हणतात त्याला. रबरी टोकं कानात घट्ट बसतात, कूलर-पंख्याचा बराचसा आवाज बाहेरच राहतो, कानाला घाम नाही, चष्म्याच्या काड्या दाबल्या जात नाहीत. हजार-दीड हजारात आज जो आवाज मिळतो तो दहा वर्षांपूर्वी पाच हजारांतही मिळत नव्हता. ‘मूनड्रॉप’, ‘केझेड’ ही नावं विचारा. माइक असलेली वायर मागा आणि जमलं तर वायर निघणारं मॉडेल बघा. आयईएममध्ये आधी मरते ती वायर, आणि ती काही शेकड्यांत बदलता येते. टोकं तीन मापांची येतात. कानात सैल बसलं तर बास गायब होतो आणि मॉडेलला उगाच नावं ठेवली जातात, म्हणून तिन्ही मापं लावून बघा. आणि ही टोकं दोस्तांत फिरवू नका प्लीज, कानाचा मळ ही शेअर करायची गोष्ट नाही.

ज्यांना कानात काही खुपसलेलं चालत नाही त्यांच्यासाठी बंद कपांचा हेडसेट आहेच. ‘हायपरएक्स क्लाउड २’ इतकी वर्षं उगीच टिकलेला नाही. कापडी गाद्या मिळतात का तेवढं बघा. फक्त आईने ‘जेवायला ये’ म्हणून तीनदा हाक मारली आणि ऐकू आली नाही, तर पुढची जबाबदारी तुमची.

एक्स्ट्रा बासबद्दल एकच सांगते. स्फोट जोरात हवेत की पावलं स्पष्ट हवीत, हे ठरवा. बास फुगवलेल्या हेडफोनमध्ये दर धमाक्याखाली पावलं बुडतात. ‘डीजे’साठी बास ठीक, गेमसाठी तो शत्रूच्या बाजूने खेळतो.

जॅक कुठे गेला?

आयफोनने २०१६ मध्ये हेडफोनचा जॅक काढला आणि मग एकेक करून बाकीच्यांनीही. फोनला जॅक नसेल तर टाइप-सीचा छोटा डोंगल लागतो. ज्यात आवाजाची चिप असते, म्हणजे डॅक असतो, तोच घ्या. बिनचिपचे स्वस्त डोंगल काही फोनवर चालतात, काहींवर ढिम्म. खेळता खेळता चार्जिंगही करायचं असेल, तर दोन तोंडांचा मिळतो. जुन्या पीसीला माइक आणि हेडफोनची भोकं वेगवेगळी असतात, त्यासाठी वायचा स्प्लिटर. वेगळ्या साउंड कार्डच्या फंदात पडायची गरज बहुतेकांना नाही. मदरबोर्डमधून खरखर येत असेल तर तोच डॅकवाला डोंगल पीसीलाही चालतो.

कोटा संपतोय...

आता थोडं सीरियस. पावलं ऐकू यावीत म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवतो. पावलं मिळतात, पण पुढच्याच क्षणी कानाशी ग्रेनेड फुटतो, तोही तेवढ्याच व्हॉल्यूमवर. कानाच्या आतल्या शंखात बारीक केसपेशी असतात. आवाजाचं विजेच्या संदेशात रूपांतर करण्याचं काम त्यांचं. त्या एकदा मेल्या की माणसात पुन्हा उगवत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब सरळ आहे. मोठ्यांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५. आणि आवाज तीन डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. म्हणजे ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५ आणि ९५ ला पुरता सव्वा तास, तोही अख्ख्या आठवड्याचा! ‘बीएमजे पब्लिक हेल्थ’मध्ये २०२४ मध्ये आलेल्या आढाव्यात नऊ देशांतल्या पन्नास हजारांहून जास्त लोकांवरच्या १४ अभ्यासांकडे पाहिलं गेलं. गेमर मंडळी अनेकदा या मर्यादेच्या आसपास किंवा तिच्या वर खेळतात, असं त्यात दिसलं. २०२५ मध्ये आरोग्य संघटनेने गेमिंगसाठी सुरक्षित आवाजाचं वेगळं मानकही आणलं.

आता तुमचा आठवडा मोजा. दिवसभर ऑफिसचे कॉल हेडफोनवर. लोकल किंवा बसमध्ये गाणी, तीही इंजिनाच्या आवाजावर मात करत. जिममध्ये पुन्हा गाणी. आणि रात्री दोन तास गेम. कानांचा कोटा एकच आहे, ऑफिसचा वेगळा आणि गेमचा वेगळा असा नाही! गावाकडच्या धाकट्याचा निदान ऑफिसचा भाग वाचतो. आपण मात्र आयफोनच्या हेल्थ अॅपमध्ये हेडफोनच्या आवाजाचा आठवड्याचा हिशोब बघावा, डोळे उघडतील. अँड्रॉइडवाल्यांनी आवाज वाढवताना येणारी ती सूचना ओके करून उडवू नये, एवढं पुरे.

पावलांसाठी व्हॉल्यूमऐवजी दुसरे मार्ग आहेत. गेममधलं संगीत शून्यावर आणा. इक्वलायझरमध्ये बास उतरवा. विंडोजमधलं ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ बारीक आवाज वर आणतं आणि धमाके खाली दाबतं. मात्र त्याने सगळंच सारख्या जोराचं होतं, म्हणून पाऊल दहा फुटांवर आहे की तीस, हे कळणं थोडं अवघड जातं. बाहेरचा आवाज अडवणारं आयईएम इथेही कामाला येतं, कारण कूलरच बाहेर राहिला तर आवाज चढवायची गरजच उरत नाही. आणि खेळून उठल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा कान भरल्यासारखा वाटत असेल, तर त्या दिवशीचा व्हॉल्यूम जास्त होता. हे वारंवार होत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, हेडफोनच्या दुकानात नको.

दुकानावरून आठवलं. धाकट्याला सांगा, हिंगोलीतल्या दुकानात डेमो मिळत असेल तर आपला फोन आणि आपलाच गेम घेऊन जायचं. दुकानदार त्याचं धडधडतं गाणं लावून देईल, त्यावर सगळेच हेडफोन भारी वाटतात. आधी न्हाव्याचं ते रेकॉर्डिंग ऐकायचं, मग गेमच्या ट्रेनिंग मैदानात जायचं. दोस्ताला आपल्याभोवती फिरायला लावायचं, डोळे मिटायचे आणि तो कुठे आहे ते बोट दाखवून सांगायचं. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं तर बिल करा. ऑनलाइन मागवणार असाल, तर माल परत करायची मुदत किती दिवसांची आणि सर्व्हिस सेंटर जवळच्या कोणत्या शहरात, या दोन गोष्टी आधी वाचा. पाच-सहा हजारांच्या एका झगमगत्या ७.१ हेडसेटच्या पैशांत माइकवाले चार आयईएम येतात. म्हणजे अख्खा स्क्वाड!